खुनाची वही

मी भित्री आहे. लिफ्ट मध्येच थांबली तर मला रडू येतं, आणि घरात पाल निघाली तर मी नवऱ्याला ऑफिसातून बोलावून घेते. असल्या बाईनं खुनाची कादंबरी लिहायला घ्यावी, हाच मुळात विनोद. पण दिवाळी अंकांत माझ्या चार-सहा रहस्यकथा छापून आल्या होत्या, आणि एक प्रकाशक म्हणाले, आता काहीतरी मोठं द्या. मी हो म्हणून बसले आणि मग तीन महिने नुसती पंख्याकडे बघत राहिले.

रहस्यकथेत खून करणं सोपं असतं, तो जमवणं अवघड. वाचक महाडांबरट असतो. दार बंद होतं तर खुनी आत शिरला कसा? त्याला कुणीच कसं पाहिलं नाही? किल्ली कुठून आली? एका जरी प्रश्नाचं उत्तर ढिलं निघालं तरी तो पुस्तक मिटून झोपी जातो. माझ्या गोष्टींची नेहमी हीच बोंब. म्हणून या वेळी ठरवलं, मनानं काही रचायचंच नाही. आधी खरं घर, खरं दार, खऱ्या वेळा लिहून काढायच्या, त्यात खून बसतो का ते पाहायचं आणि नावं-गावं मागाहून बदलायची.

खरं घर शोधायला लांब जावं लागलं नाही. डोंबिवली पूर्वेला आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर माझ्या समोरच्या दारात काकू राहतात. शाळेतून निवृत्त झालेल्या, काकांना जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी परदेशात. मी सगळं वहीत उतरवलं. घरात पुरुषमाणूस आहे असं वाटावं म्हणून दाराबाहेर काकांचे काळे बूट अजून ठेवलेले असतात, आणि डाव्या बुटात जादा किल्ली असते. दुपारी पाण्याचा टँकर आला की वॉचमन मागे टाकीपाशी जातो. जिन्यातला कॅमेरा तोंड फिरवून स्कूटर बघत बसलेला. काकू दीड ते तीन झोपतात, तेही कानातलं मशीन काढून. शेवटी मी मजल्याचा नकाशा काढला, खुन्याची वाट बाणांनी दाखवली. खून असा चपखल बसला की मी स्वतःचीच पाठ थोपटली आणि कढीत जास्तीचा गूळ घातला.

त्याच आठवड्यात वही हरवली. कल्याणला बहिणीकडे गेले होते, येताना स्टेशनवरून शेअर रिक्षा केली. घरी येऊन पिशवी उपडी केली तर भाजी निघाली, चष्मा निघाला, वही नाही. आधी वाईट वाटलं ते मेहनतीचं. मग आठवलं की नव्या वहीच्या पहिल्या पानावर आपलं नाव आणि पूर्ण पत्ता लिहायची शाळेतली सवय माझी अजून सुटलेली नाही. मी तर पिनकोडसुद्धा घातला होता. म्हणजे ज्याला वही सापडली त्याच्याकडे घर होतं, किल्ली होती, वेळ होती आणि बाण होते.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, तुझं अक्षर मला वाचता येत नाही, चोराला काय येणार?" आणि त्यानं टीव्ही लावला.

सकाळी रिक्षा स्टँडवर गेले. रांगेतल्या म्हाताऱ्या रिक्षावाल्यानं विचारलं, "कसली वही? काय व्हता त्यान?" मी म्हटलं, अभ्यास. "मंग जाव द्या ना ताय, पोर खूश व्हईल," असं म्हणून तो हसला. तिथून मी पोलीस चौकीच्या दारापर्यंत गेले आणि तशीच परत फिरले. काय सांगणार होते? समोरच्या म्हातारीच्या खुनाचा बेत हरवलाय, माझ्याच अक्षरात, नकाशासकट?

काकूंना सांगायला हवं होतं. दोनदा त्यांची बेल वाजवलीही. पण सांगायचं म्हणजे त्यांना मी कागदावर का होईना मारलंय, हेही सांगावं लागणार. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "साखर हवी का?" आणि मी साखर घेऊन परत आले. दुसऱ्यांदा ती परत केली. मात्र त्यांच्या डाव्या बुटातली किल्ली मी गुपचूप काढून पर्समध्ये टाकली, आणि पुढच्या चार दुपारी दाराच्या भिंगाला डोळा लावून उभी राहिले. जिन्यात कुरिअरवाला दिसला तरी मी दाराची कडी चाचपायचे.

पाचव्या दिवशी ठाण्याला डेंटिस्टकडे जाणं टळेना. परत आले तेव्हा पावणेदोन झाले होते. गेटपाशी टँकर उभा होता आणि वॉचमन पाइप ओढत होता. मला बघून म्हणाला, "मॅडम, अर्ध्या तासापूर्वी एक माणूस आलेला. तिसऱ्या माळ्यावरच्या आजी एकट्याच राहतात का, विचारत होता. वर गेलाय."

मी जिना कशी चढले, मला माहीत नाही. दातात भूल होती, ओठ बधिर झालेला, ओरडावं म्हटलं तर तोंडातून शब्द फुटेना. माझ्या मनात एकच चाललं होतं, की हे मी लिहिलंय, वेळसुद्धा मीच लिहून दिलीय. काकूंचं दार अर्धं उघडं होतं. मी ते ढकललं.

काकू सोफ्यावर बसल्या होत्या, मशीन कानात, चष्मा डोळ्यांवर. समोर खुर्चीत पस्तिशीचा एक माणूस, मांडीवर ऑफिसची बॅग, पुढ्यात न प्यायलेला चहा. मला पाहताच तो ताडकन उठला आणि काकूंच्या पुढे आडवा उभा राहिला.

"ह्याच का त्या?" त्यानं काकूंना विचारलं.

माझी वही काकूंच्या हातात होती.

तो दिवा स्टेशनजवळ राहणारा. "रिक्षात सीटच्या मागे मिळालेली," तो माझ्यावरची नजर न हटवता म्हणाला. "पत्ता होता, म्हटलं देऊन येऊ. सहज वाचली. झोप उडाली माझी. पोलिसात जाणार होतो, पण आधी आजींना सावध करायला आलो."

"मी यांना सांगितलंय, ही गोष्टी लिहिते," काकू म्हणाल्या. "कुणाला मारत नाही."

"मग बुटातली किल्ली कुठाय? मी आत्ता हात घालून बघितलं. नाहीये."

मी पर्स उघडली आणि किल्ली टेबलावर ठेवली. त्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडला. मी बधिर तोंडानं खुलासा करू लागले, तो मलाही पटण्यासारखा नव्हता. शेवटी त्यानं स्वतःचा नंबर कागदावर लिहून काकूंच्या हातात दिला, काही वाटलं तर लगेच फोन करा म्हणाला, आणि जिना उतरताना दोनदा मागे वळून बघितलं.

दार लावलं आणि मला हसू फुटलं. सुटकेचं हसू होतं ते, थांबेचना. काकू हसल्या नाहीत. त्या वहीचं एक पान उघडून बसल्या होत्या.

"इथे लिहिलंयस, प्रेत तीन दिवसांनी सापडतं. तीन कसे?"

मी हसायची थांबले. सांगावं लागलं. "खुन्याला पळायला वेळ हवा ना, काकू. म्हणून खून गुरुवारी. कामवाली गावी गेलेली. दूध तुम्ही स्वतःच खाली जाऊन आणता, त्यामुळे दारात पिशव्या साचत नाहीत. मुलीचा फोन रविवारी येतो. तुम्ही उचलत नाही, मग ती सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन करते."

पेपर तपासावा तशा त्या ऐकत होत्या.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "कुठे चूक नाही. मीही रोज अंथरुणावर पडले की हेच मोजते, मेले तर किती दिवसांनी कळेल. पण माझे तीन कधी आले नाहीत गं. एकच दिवस यायचा."

"एक कसा?"

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली.

"मी हिशेबात तुला धरलं होतं."