आईच्या दारात थेंबभर तेल

आमच्या मोठ्या जाऊबाई रोज झोपताना बेंबीत खोबरेलाचा थेंब घालायच्या. घालतात पुष्कळजणी, पण जाऊबाई म्हणायच्या, "आईच्या दारात दिवा लावतंय गो." त्यांना जन्म देऊन आई गेली होती. फोटोसुद्धा नव्हता. खूण काय ती एवढीच.

मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत मी नवी सून होते. एकदा जाऊबाईंच्या परकरावर, पोटापाशी, रक्ताचा डाग दिसला. मी बी.एस्सी., म्हणजे जगातलं सगळं मला पाठ. "नाडी घासत असेल," असं निदान करून मी मऊ नाडी आणून दिली. पुढच्या महिन्यात पुन्हा डाग. मी आणखी मऊ नाडी आणली. नाड्यांचं दुकान काढायचंच बाकी होतं.

"पाळी आली की ही पण रडता," बेंबी दाबून धरत जाऊबाई हसायच्या. "नाडी काय करतली, बाये?"

"पाळीचा नि बेंबीचा काय संबंध, जाऊबाई?" मी शिकवायला निघाले.

बेंबीत निळसर गाठ आली तेव्हा घाटकोपरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तपासण्या झाल्यावर त्या म्हणाल्या, गर्भाशयात असतं तसलंच अस्तर बेंबीत वाढलंय, पाळीच्या दिवसांत तेही सुजतं, रक्त सोडतं. एन्डोमेट्रिओसिस. क्वचित कुणाच्या फुप्फुसातही सापडतं म्हणे. मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. इतक्या लांब जाऊन बसलेल्या त्या चिमूटभर मांसाला घरची वेळ ठाऊक होती.

"लांब दिलेली पोरगी ती," जाऊबाई म्हणाल्या. "माहेरचा सण विसरत नाही."

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठीबरोबर बेंबीही काढावी लागेल."

जाऊबाईंचं हसू मावळलं. "मग ऱ्हाऊंदे."

पुढचे कित्येक महिने त्या कळा सोसत राहिल्या. एकदा पोट धरून भिंतीशी बसल्या असताना त्यांच्या छोट्या लेकीनं विचारलं, "आई, तू पण तुझ्या आईसारखी जाणार?"

दुसऱ्या दिवशी जाऊबाई स्वतःच चपला घालून उभ्या राहिल्या. "चल. माझी आई समजून घेईल."

टाके सुकले. पोट सपाट, मधे नुसता व्रण. झोपताना त्यांनी तेलाची बाटली मागितली.

"आता कुठं घालणार?" मी विचारलं. माझी हुशारी अजून शाबूत होती.

त्यांनी थेंब व्रणावर सोडला. तो ठरेना, कुशीकडे ओघळला. बोटानं त्यांनी तो परत मधोमध आणला. "दार बुजलं," म्हणाल्या. "घर खंय जाता?"

गेल्या वर्षी जाऊबाई गेल्या. शेवटची आंघोळ घालताना त्यांच्या लेकीनं माझ्याकडे खोबरेलाची बाटली मागितली. मी काही विचारलं नाही.