सुभेदारांचं रिव्हॉल्वर आणि एक काडतूस

"सायब, ह्ये वितळवून टाका," असं म्हणत इंदूमावशींनी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्वर माझ्या टेबलावर ठेवलं. मी हात पुढे केला तशा म्हणाल्या, "जपून. आत एक गोळी हाय."

मी तेव्हा रत्नागिरीत पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मोरर होतो. आर्मोरर म्हणजे हत्यारांचा मेकॅनिक. निवृत्ती जवळ आली होती. रोजची कामं ठरलेली, रायफली साफ करायच्या, स्प्रिंगा बदलायच्या. असं जुनं फौजी हत्यार बऱ्याच वर्षांनी समोर आलं होतं. खरं सांगतो, ते बघून मला बरं वाटलं.

मावशी देवरूखजवळच्या एका खेड्यातल्या. वय ऐंशीच्या घरातलं. वडील दुसऱ्या महायुद्धात लढलेले सुभेदार. पलटण सोडताना त्यांच्या गोऱ्या साहेबाने हे रिव्हॉल्वर त्यांना दिलं. रीतसर परवाना होता. वडिलांनंतर तो भावाच्या नावावर झाला. आता भाऊही गेला, तेव्हा ठाण्याने हत्यार जमा करायला सांगितलं आणि एका हवालदाराबरोबर मावशींना माझ्याकडे पाठवलं.

"गोळी आहे हे कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"आयशीनं. बापूस लढाईवरनं आला तो गप्पच झाला. पडवीत ह्ये मांडीवर घेऊन बसायचा. आयस म्हनायची, एक गोळी त्यानं सोतासाठी राखलीय. मरेपर्यंत तिला सुखाची झोप नाय."

मी खटका दाबून पाहिला, पण रिव्हॉल्वर उघडेना. मी आमच्या निरीक्षकसाहेबांना बोलावलं.

"उघडत नाही?" त्यांनी विचारलं.

"जाम आहे, साहेब. भरलेलं समजूनच काम करावं लागेल."

"मग करा. मावशींना बाहेर बसवा."

"मी हितंच बसनार," मावशी म्हणाल्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची तेवढी लांब, खांबाआड सरकवून दिली.

या जातीचं रिव्हॉल्वर मधोमध बिजागरीवर मोडतं. अंगठ्याने खटका दाबला की नळी खाली वाकते आणि गोळ्यांची सहा घरं समोर येतात. इथे खटका हलेना. कारण वासावरून कळलं. खोबरेल! मावशींनी सांगितलं, सुभेदार दर दसऱ्याला ते स्वतः पुसायचे आणि घरातलं खोबरेल लावायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. वर्षानुवर्षांच्या तेलाचा डिंक झाला होता. मी नळीचं तोंड वाळूच्या पेटीकडे धरलं आणि सांध्यांत पातळ तेल सोडून थांबलो.

थांबलो तेवढ्या वेळात मावशी वडिलांबद्दल सांगत बसल्या. शाळेत जाताना ते पोरांना पलटणीसारखं पावलाला पाऊल जुळवून चालवायचे. वहाणांना पॉलिश करायला लावायचे. "आमच्या वाडीत वहाना कुनाच्या पायात व्हत्या, सायब? पन पालिशची डबी आमच्या घरात!" त्या हसल्या. मग त्यांची नजर पुन्हा टेबलाकडे वळली.

शेवटी खटका सुटला. पाच घरं रिकामी होती. सहाव्यात काडतूस होतं, हिरवं पडलेलं.

"हाय ना?" मावशींनी खांबाआडून विचारलं.

"आहे, मावशी."

त्यांनी डोळे मिटले. मी काडतूस हलक्या हाताने काढून वेगळं ठेवलं. मग बाकीचं तपासताना हॅमरवर, म्हणजे घोड्यावर, नजर गेली. हॅमरच्या टोकाला एक चोच असते. ती काडतुसाच्या बुडावर आपटते तेव्हाच बार उडतो. इथे चोचच नव्हती. कानशीने घासून सपाट केली होती आणि घासल्याच्या रेघांवर जुना गंज चढला होता. मी साहेबांना भिंग दिलं.

"हे तर कधीच उडालं नसतं," ते म्हणाले.

मावशी उठून टेबलाशी आल्या. मी त्यांना हॅमर दाखवला. "दर वर्षी स्वतः पुसणाऱ्या माणसाला हे माहीत नसणं शक्य नाही. गोळी ठेवली त्यांनीच, आणि ती उडणार नाही याची तजवीजही बहुतेक त्यांनीच केली."

त्यांनी त्या सपाट टोकावरून बोट फिरवलं. मग एकदम म्हणाल्या, "आमच्या गोठ्यात बिबट्या शिरला व्हता. समदे भाईर हुबे. बापूस ह्ये घेऊन एकला आत गेला. आमी म्हनलं, त्याच्याकडं पिस्तूल हाय, त्येला कसलं भ्याव! पाडी सोडवून घेऊन आला." त्यांनी पुन्हा हॅमरकडे पाहिलं. "म्हंजे रिकाम्या हातानंच गेला व्हता की ओ."

साहेब खिडकीकडे वळले. मावशींनी पदराने डोळे पुसले. "आयशीला तेवढं सांगायचं ना, मेल्यानं," असं त्या वडिलांना म्हणाल्या, जणू ते तिथेच उभे होते.

वितळवायचा विषय मग निघालाच नाही. साहेबांनी वर पत्र लिहिलं. मावशींना बऱ्याच खेपा पडल्या, पण नळी कायमची बुजवल्यावर रिव्हॉल्वर शोभेची वस्तू म्हणून घरी ठेवायला परवानगी मिळाली. नळी मीच बुजवली. काडतूस नियमाप्रमाणे नष्ट केलं.

आता निवृत्त होऊन मी रत्नागिरीजवळ भाट्याला घरी असतो. ओळखीतले कुणी विचारतात, घरात जुनं हत्यार आहे, काय करू? मी सांगतो, परवाना बघा, आणि जाणकाराकडून एकदा उघडून घ्या. घरातल्या बाईमाणसांच्या समोर उघडायला सांगा.