डोंगरावरच्या वाडीचं राज्य

कुंदनशेठच्या दुकानात दोन माणसं जमली, की विषय कुठलाही निघो, गाडी शेवटी वाडीवरच येते. वीस-बावीस वर्षं एकाच कामाच्या मागं लागल्यावर दुसरं काय होणार? काम झालं एकदाचं, किस्से मात्र ढीगभर उरले.

धावड्याच्या वरच्या अंगाला, डोंगरावर आमची वाडी. घरं शंभराच्या वर, पण ग्रामपंचायत खालच्या गावात. दाखला पाहिजे? उतरा खाली. नळ मंजूर झाला? तोही खालीच. एक्क्याऐंशी साली जालना औरंगाबादेतून निघून वेगळा जिल्हा झाला आणि आमच्या बप्पांच्या डोक्यात किडा शिरला. बप्पा म्हणजे वाडीतले सगळ्यात जुने शेतकरी. शाळा तिसरीपर्यंत, पण एकदा बोलले की बोलले.

"जालना निघतंय, मंग वाडी का न्हाई निघायची?"

झाली वाडीच्या वेगळ्या ग्रामपंचायतीसाठी कमिटी. अध्यक्ष बप्पा. अर्ज लिहायला मी, कारण मी वाडीच्या शाळेवरचा मास्तर. आणि धावड्याचे किराणावाले कुंदनशेठ, कारण पेपर त्यांच्याच दुकानात यायचा.

* * *

सत्त्याऐंशी साली अरुणाचल राज्य झालं. शेठनी पेपर वाचून दाखवला. बप्पांनी विचारलं, आधी काय होतं तिथं? मी सांगितलं, आधी नुसता सरहद्दीवरचा डोंगराळ मुलूख, मग केंद्रशासित प्रदेश, आता पूर्ण राज्य.

"म्हणजे पायरी पायरीनं," बप्पा म्हणाले. "आपण कितव्या पायरीवर हावोत, मास्तर?"

आपण अजून अर्जावरच आहोत, असं मी म्हणालो. त्यांनी लगेच नवा अर्ज लिहायला बसवलं आणि त्यात 'अरुणाचलप्रमाणे आम्हासही' असं घालायलाच लावलं. ऑफिसातल्या कारकुनानं तो अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि शांतपणे विचारलं, "हे अरुणाचल कोणत्या तालुक्यात येतं?"

* * *

पुढं एकदा विस्तार अधिकारी वस्तीची पाहणी करायला आले. आले ते नेमके ऐन थंडीत! अर्धी वाडी ऊसतोडीला गेल्ती. दाराला कुलपं, चुली गार. साहेबांनी कागदावर लिहिलं, 'लोकवस्ती अपुरी.' लोक कारखान्यावर आहेत म्हणून मी कळवळून सांगितलं, पण साहेबांना दिसली ती कुलपंच.

दुसऱ्यांदा पाहणी लागली, तीही थंडीतच. या खेपेला बप्पा चार दिवस आधी थेट कारखान्यावर गेले. मुकादम माणसं सोडायला तयार न्हाई. बप्पा त्याच्या खोपीसमोर पटका अंथरून बसले. पहिल्या दिवशी मुकादम हसला, दुसऱ्या दिवशी त्यानं भाकरी पाठवली, तिसऱ्या दिवशी दोन ट्रक दिले.

पाहणीच्या सकाळी वाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. साहेबांनी मोजायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच वही मिटली. म्हणाले, "पुरे, बप्पा. आहे तुमची वाडी."

* * *

मग खालच्या गावाचा संमतीचा ठराव पाहिजे होता. तो काही मिळेना. तिथले सरपंच गोड बोलायचे, चहा पाजायचे आणि विषय पुढच्या सभेवर ढकलायचे.

बप्पांनी भांडण केलं नाही. प्रत्येक ग्रामसभेला ते वाडीतली पन्नास माणसं घेऊन खाली उतरायचे. गटारीचा विषय झाला, की बप्पा हात वर करून विचारायचे, "बराबर हाय, पन वाडीचं काय?" दिवाबत्तीचा झाला, पुन्हा तेच. सहा सभा असंच चाललं. सातव्या सभेत सरपंचांनीच कपाळाला हात लावला. म्हणाले, "देऊन टाका यांना ठराव. मला एकदा तरी टायमावर जेवू द्या."

* * *

दोन हजार साली उत्तरांचल झालं. बातमी वाचताना शेठ मधेच थांबले, पण बप्पांनी ऐकलं होतं. त्या दिवशी त्यांनी चहाही घेतला नाही. आमचा प्रस्ताव तेव्हा वर कुठंतरी धूळ खात पडलेला. मला पहिल्यांदाच भीती वाटली, की हा माणूस आता खचला. फार वाईट वाटलं.

बाजार उठायच्या वेळेला बप्पा उठले आणि धोतर झटकलं.

"दोन डोंगर आपल्या म्होरं गेले," ते म्हणाले. "चला मास्तर, कागद काढा."

* * *

आणि एक दिवस आदेश आला! निवडणूक झाली, वाडीतल्याच यमुनाबाई सरपंच झाल्या, पहिली ग्रामसभा ठरली. पण तोवर बप्पांनी अंथरूण धरलं होतं. जालन्याच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं.

बप्पांनी नव्या ग्रामसेवकाला बोलावून घेतलं. पुढची सभा तीन महिन्यांनी, तोवर मी काही टिकत नाही, म्हणून माझ्या दुखवट्याचा ठराव याच सभेत घ्या, असं सांगितलं. ग्रामसेवक गडबडला. जिवंत माणसाचा दुखवटा घेता येत नाही, म्हणाला.

"घेता येत न्हाई, घेता येत न्हाई, हेच ऐकून राह्यलो बावीस वर्षं," बप्पा म्हणाले. "खालच्या गावाच्या वहीत मला मरायचं न्हाई. आपल्या वहीत घ्या."

यमुनाबाईंनी मान हलवली. मग ग्रामसेवकाची काय बिशाद!

सभेच्या दिवशी बप्पांची बाज शाळेच्या मैदानात आणून ठेवली. नव्या कोऱ्या प्रोसिडिंग बुकात ग्रामसेवकानं शाईनं लिहिलं, 'ठराव क्रमांक एक.' वाचून दाखवला. सगळे उठले. बाया डोळ्याला पदर लावून रडत होत्या, मीही रडत होतो. शेठच्या खांद्याला धरून बप्पाही उठले आणि पूर्ण दोन मिनिटं मान खाली घालून उभे राहिले.

मग बाजेवर टेकले, घोटभर पाणी प्याले.

"ठराव क्रमांक दोन," बप्पा म्हणाले. "डांबरी रस्ता. सूचक म्हणून माझं नाव टाका."

ग्रामसेवकाचा पेन हवेतच राहिला. "बप्पा, एक नंबरला तुम्ही वारलात."

"ते तर मंजूर झालं," बप्पा म्हणाले. "आता दोन नंबर लिवा."