सुनेसाठी भारी सिस्टिम

सुनेच्या कॉम्प्युटरला मी चुकीचा पेनड्राइव्ह लावला, आणि तोही मुद्दाम. तेव्हा मी साठीतली पोरगी होते, अक्कल अजून यायची होती.

लॉकडाऊनमुळे अंबडच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं कोंडलेलो: मी, लेक आणि सून. सून खासगी शाळेत शिक्षिका. ज्यांना ऑनलाइन तास जमणार नाहीत, त्यांचा वर्ग दुसऱ्या बाईंना देऊ, असं शाळेनं कळवलेलं. दुकानं बंद. घरात होता तो लेकानं जालन्याहून आणलेला, कुठल्याशा कंपनीनं मोडीत काढलेला कॉम्प्युटर. जुनी सिस्टिम, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्राम, त्याला ओढवत नव्हती, म्हणून सुनेनं शेजाऱ्यांच्या इंटरनेटवरून दोन नव्या उतरवल्या आणि पेनड्राइव्हवर चिठ्ठ्या चिकटवल्या. आमच्या जुन्या कॉम्प्युटरला झेपेल ती 'हलकी', शेजाऱ्यांच्या नव्या लॅपटॉपसाठी 'भारी'.

"आत्याबाई, मी भाकरी टाकते. तुम्ही हलकी लावा आन् पुढं-पुढं दाबत राहा."

हलकी? जन्मात कधी हलकं लुगडं घेतलं नाही मी. सासूनं सुनेला हलका माल दिला, असं गल्लीत झालं तर? मी भारी लावली, आणि आपल्या मोठ्या मनावर स्वतःच खूश झाले.

दुसऱ्या दिवशी तास सुरू झाला आणि पडद्यावर सुनेचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. "बाई अडकल्या," एक पोरगी म्हणाली. मुख्याध्यापिकांनी सोमवारपर्यंत मुदत दिली.

अडकले खरं तर मीच. कॉम्प्युटर माझ्या खाटेच्या उशाशी. बाहेर पोलीस, आत सून, तोंड लपवायला जागा नाही. ती तासन्‌तास त्या फिरत्या गोलाकडं बघायची आणि लेकाला म्हणायची, "कुठला डबडा उचलून आणला तुम्ही?" तो बिचारा खाली मान घालून जेवायचा. मी म्हणायचे, "लाइटच कमी येऊन राह्यली."

रविवारी ती म्हणाली, "जमत न्हाई म्हणून कळवून टाकते शाळेला." मोबाइल हातात घेतला, लिहायलाही लागली. मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. सगळं सांगितलं, लुगड्यासकट.

ती शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवर दुसरा पेनड्राइव्ह नीट चालतो याची खात्री करून आली, मग हलकी लावली. तासाभरात कॉम्प्युटर सुरळीत चालायला लागला. मग तिनं चहाचा कप माझ्या हातात दिला.

"हा तुमच्या लेकाला नेऊन द्या, आत्याबाई. दोन दिवस मी त्यांना उगंच बोलून राह्यले. का ते आता तुम्हीच सांगा."