दसऱ्याच्या दिवशी हजर

तुम्ही काल कामावर होता की नव्हता, हे कोणी सांगायचं? तुम्ही स्वतः, तुमच्या शेजारी उभं राहून राबणाऱ्यानं, की साहेबाच्या पंख्याखाली ठेवलेल्या पेटीनं?

प्रश्नानं सुरुवात करायची खोड मला घरातून लागली. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, शाहूपुरीतल्या एका लहानशा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. लग्नपत्रिकांवर छापखाना चालायचा आणि उरलेल्या कागदावर मोर्च्यांची पत्रकं निघायची. मी वाचायला शिकले ती या पत्रकांवर. ‘बंधू-भगिनींनो, हे किती दिवस सोसणार?’ हे वाक्य मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. पुढे शहराच्या कडेला असलेल्या एका सूतगिरणीत मला कॉम्प्युटरवर बसायची नोकरी लागली, तेव्हा आण्णा एवढंच म्हणाले, “जा. पेटी मालकाची हाय, डोळं तुझं हाईत. इसरू नकोस.”

काम सोपं होतं. पाळी सुरू झाली की कामगारांची कार्डं माझ्या टेबलावर यायची. मी नंबर टाइप करायचे आणि त्या नावापुढे हजेरी लागायची. कुठल्या तारखेची हजेरी, ते मी सांगायचं नव्हतं. प्रोग्राम ती मशीनच्या घड्याळाकडून परस्पर घ्यायचा, पडद्यावर दाखवायचासुद्धा नाही. त्या घड्याळाला बॅटरी नव्हती. वीज गेली की ते सगळं विसरायचं, आणि पुन्हा सुरू करताना एकोणीसशे ऐंशी सालची एक जानेवारी दाखवून आम्हालाच विचारायचं, आज तारीख काय? अशा घड्याळावर गिरणीतल्या माणसांचं पोट अवलंबून होतं.

खंडेनवमीला गिरणीत यंत्रांची पूजा झाली. चात्यांना झेंडूचे हार, वजनकाट्याला हळदकुंकू, आणि त्या वर्षी नव्यानं आलेल्या कॉम्प्युटरलाही नारळ. मी तो बंद करायला गेले तर मॅनेजर साहेब आडवे आले.

“अहो, पूजेचा दिवा विझवतात का? पडदा चालू राहू दे. शोभा आहे.”

“साहेब, दोन दिवस चालू?”

“कोणी हात लावू नका म्हणजे झालं. पुजलेलं हत्यार दसरा होईपर्यंत उचलायचं नसतं, ठाऊक नाही का तुम्हाला?”

ठाऊक होतं. आमच्याकडे विळासुद्धा पुजल्यावर कोणी हलवत नाही. कॉम्प्युटरच्या कीबोर्डावर फुलं ठेवली, खोलीला कुलूप लागलं. एरवी दिवसातून एकदा जाणारी वीज त्या दोन दिवसांत नेमकी गेली नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुलं बाजूला केली आणि पहिल्या पाळीची कार्डं चढवायला बसले. वाइंडिंग खात्यातल्या मावशी आल्या आणि आपट्याचं पान माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, “काल गावलीच न्हाईस की गं. शिळं सोनं घे आता.” मी पान घेतलं, त्यांचं कार्डही तेव्हाच चढवलं. दुपारी वीज गेली. आल्यावर मशीननं तारीख विचारली, मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघून घातली आणि दुसऱ्या पाळीचं काम केलं.

महिना संपल्यावर कळलं की मशीनच्या हिशेबात पहिल्या पाळीतले सगळे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गैरहजर आहेत. बाकीच्यांना साहेबांनी ‘सणाचे दिवस, जाऊ दे’ म्हणून सोडून दिलं. मावशींना मात्र नोटीस गेली. आधीच्या दोन ताकिदी होत्या. तिसऱ्या वेळी कामावरून कमी. या मावशींनी बायकांच्या संडासाला आतून कडी बसवा म्हणून वर्षभर तगादा लावला होता. साहेबांना निमित्त हवं होतं, ते मशीननं दिलं.

मी साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, मावशी हजर होत्या, मी माझ्या हातानं कार्ड चढवलं.

“तुमच्या हाताची चूक होईल, बाई. कॉम्प्युटरची होत नाही.”

“मग अख्ख्या पाळीची चूक एकदम कशी झाली?”

“ते तुम्ही शोधा. तोवर नोटीस कायम.”

बाहेर मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. पण रडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. म्हणाल्या, “पोरी, माणसाला खोटं पाडता येतंय. ह्या डबड्याला कुनी शपथ घालायची?”

शोधायचं ठरवलं. आमच्या गिरणीत सुट्टीच्या दिवसाचं हजेरीपत्रक कोणी काढतच नसे. मी काढलं. पहिल्या पाळीचे सगळे त्यात होते, मावशींसकट. दसऱ्याच्या दिवशी हजर! गेटला कुलूप, कुलपाला झेंडूचा हार, आणि आत म्हणे पाळी चालू!

म्हणजे मशीन एक दिवस मागे राहिलं होतं. का, ते समजायला मला बरीच डोकेफोड करावी लागली. मशीन पुरवणाऱ्या पुण्याच्या कंपनीच्या माणसानं फोनवर ‘असं होत नाही’ म्हणून हात झटकले. मग मी भरदिवसा घड्याळात रात्रीचे बाराला दोन मिनिटं कमी अशी वेळ घालून बसले. बारा वाजले, तारीख बरोबर पुढे गेली. एका रात्रीत चूक नव्हती. मग दोन रात्रींत?

मला उमगलं ते असं. मध्यरात्र झाली की ते घड्याळ खिडकीला एक फडकं बांधतं. दुसऱ्या दिवशी कोणी बोट लावून काही विचारलं की मशीन ते फडकं बघतं, सोडतं आणि तारीख एका दिवसानं पुढे ढकलतं. पण मधे कोणी विचारलंच नाही आणि दुसरी मध्यरात्र उलटली, तर? फडकं आधीच बांधलेलं असतं. घड्याळ दुसरं बांधत नाही. दोन रात्री जातात आणि हिशेबात एकच धरली जाते. रोज वापरणाऱ्याला हा दोष आयुष्यात दिसायचा नाही. आम्ही मशीन चालू ठेवून त्याची पूजा केली, हात लावायला बंदी केली, म्हणून तो दिसला.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कल्पना छान आहे.” पुरावा दाखवते म्हटलं तर त्यांना वेळ नव्हता.

मग मी मला येत होतं ते केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीच्या गेटवर पत्रक वाटलं. आण्णांनीच जुळवलं होतं. वर मोठ्या टाइपात एकच प्रश्न: ‘दसऱ्याला गिरणीचं कुलूप कोणी उघडलं?’ खाली मशीननं दिलेली हजेरी आणि शेवटी मागणी: सर्वांसमोर मशीनची परीक्षा घ्या. चहाच्या गाडीवर, सायकल स्टँडवर, दिवसभर हसण्याला ऊत आला. “काय पावणं, दसऱ्याला कामावर हुता म्हनं!” “व्हय की, बायकू म्हनत हुती घरात हुतो, पर डबडं म्हनतंय न्हाय!”

हसू साहेबांना झोंबलं. त्यांनी मला बोलावलं.

“परीक्षा खोटी ठरली तर?”

“राजीनामा आत्ता लिहून ठेवते.”

“आणि खरी ठरली तर?”

“नोटीस मागं घ्यायची. तोंडी नाही, फळ्यावर लावून.”

सोमवारी गिरणीला सुट्टी. रविवारी संध्याकाळी मशीन चालू ठेवून खोली बंद केली, किल्ली साहेबांच्या खिशात. माझ्या हाती एकच गोष्ट नव्हती: वीज. मंगळवारी सकाळी दारात मावशी, वॉचमन आणि निम्मी पहिली पाळी उभी. कुलूप निघालं. पडदा चालू होता. मी मशीनला तारीख विचारली.

सोमवार.

साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मागून मावशींचा आवाज आला, “साहेब, आज सोमवार असंल तर आमी घरी जातू. सुट्टी हाय न्हवं?”

नोटीस मागं घेतल्याचं फळ्यावर लागलं. मी प्रोग्राममध्ये चार ओळी घातल्या: रोज काम सुरू करताना मशीननं तारीख आणि वार दाखवायचा, आणि माणसानं ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय एकाचीही हजेरी मांडायची नाही. मला त्या चार ओळींचा आजवर लिहिलेल्या कुठल्याही पत्रकापेक्षा जास्त अभिमान आहे. वर्षाच्या आत मला ती नोकरी सोडायला लावली. कारण कधी कागदावर आलं नाही. मावशी अजून तिथेच आहेत. कडी बसली, असं त्या सांगतात. माझ्या चार ओळी मात्र नव्या साहेबांनी काढून टाकल्या. वेळ जातो म्हणे.

म्हणून हे लिहिलं. उद्या तुमच्या कचेरीत, बँकेत, कारखान्यात अशी पेटी असेल, तर कामाला हात घालण्याआधी तिला तारीख विचारा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहा. चुकली असेल तर साहेबाकडे नंतर जा. आधी त्या माणसाकडे जा, ज्याला तिनं गैरहजर ठरवलंय, आणि त्याच्या शेजारी उभे राहा.