साठ्यावरचा डाग

तूप लावलेल्या ताटात आंब्याचा रस पातळ ओतायचा, उन्हात ठेवायचा, दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा थर. चार-पाच दिवसांत साठं तयार. रत्नागिरीतल्या आमच्या गच्चीवर मे महिनाभर हेच चालतं. माझं घरून काम सुरू झाल्यापासून त्याची राखण माझ्याकडे आहे. आईच्या लेखी लॅपटॉप उघडून बसलेला माणूस रिकामाच.

त्या दिवशी मीटिंगमध्ये साहेब माझ्यावर घसरले होते. मान वर केली तर ताटाच्या काठावर कावळा. हाकलला, पण रसावर शिटून गेला होता मेला. आईला सांगितलं असतं तर अख्खं ताट केरात आणि वर माझा उद्धार. मी चमच्याने तेवढंच खरवडलं. एवढं ऊन आहे, काय होतंय, असं मनाशी म्हटलं. सकाळी आईने नवा रस ओतला आणि खरवडल्याची खूणही दिसेनाशी झाली.

दुपारी ताईची तीन वर्षांची मुलगी ते ओलं साठं बोटांनी ओरबाडून खात होती. ओरडायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आजही त्याची लाज वाटते.

दोन दिवसांनी तिला ताप, जुलाब, शौचातून रक्त. दवाखान्यात सलाइन लावलं. बाहेरचं काही खाल्लं का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"परवा बंदरावर बर्फाचा गोळा खाल्लान हिने," आई म्हणाली.

"कितीदा सांगितलं होतं तुम्हाला!" ताई नवऱ्यावर कडाडली. भावोजींनी मान खाली घातली.

गप्प राहिलो असतो तर कुणाला पत्ताही लागला नसता. पोरगी डोळे उघडत नव्हती.

"साठ्यावर कावळा शिटला होता," मी म्हणालो. "मी खरवडलं. कुणाला सांगितलं नाही."

"पक्षी धडधाकट दिसतात, पण पोटात असले जंतू बाळगून असतात. खरवडून ते जात नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी लगेच शौचाची तपासणी लिहून दिली.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. तपासणीत जंतू सापडले, पण ते कावळ्याचे की गोळ्यातले, हे सांगता येणार नाही म्हणाल्या. त्या वाक्याला मी घट्ट धरून बसलो.

संध्याकाळी पोरीने "मामा" म्हणून हात पसरले. मी पुढे झालो.

"आधी हात धुऊन ये," ताई म्हणाली.

मी साबणाने दोनदा धुऊन आलो. तोवर तिने पोरीला भावोजींच्या खांद्यावर दिलं होतं.