रणगाड्याला दात बसवताना

आमच्या ह्यांनी लोडर घेतला तेव्हा मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, आणि मी नाही म्हटल्यावरही त्यांनी तो घेतलाच असता. म्हणजे मधला वेळ वाचवला, एवढंच. मी रागाच्या भरात त्यांच्या चहात साखर घातली नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. डोक्यात यंत्र शिरलेल्या माणसाला कसली साखर अन् कसला चहा!

डोंबिवलीचं बिऱ्हाड गुंडाळून, जागा भाड्याने देऊन आम्ही रत्नागिरीला, ह्यांच्या गावी आलो, त्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. २००७च्या आसपासची गोष्ट. जयगडच्या रस्त्यालगत गावाच्या वर ह्यांच्या वाट्याचा कातळ होता. वर वीतभर माती, खाली नुसता जांभा. तिथे सुरुंग लावून खड्डे काढले, ट्रकने माती आणून भरली आणि हापूसची कलमं लावली. लोक म्हणाले, ह्याला मुंबईचं वारं बाधलं. मी ह्यांच्या पाठीशी उभी राहिले, म्हणजे कमरेवर कळशी घेऊन उभी राहिले, कारण पहिल्या उन्हाळ्यात पाणी तसंच घालावं लागलं.

आणि मग फाल्गुनात वरच्या बाजूने वणवा आला. पावसाळ्यात कातळावर कमरेएवढं गवत माजतं, ते वाळलं की त्याला ठिणगीच पुरते. अर्धी कलमं दुपारच्या दुपारी गेली. हे बांधावर बसून बघत राहिले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, “आणखी एकदा असं झालं तर बंद करू सगळं. परत जाऊ.”

मी गप्प राहिले. मी गप्प राहिले एवढ्यावरूनच त्यांनी ओळखायला हवं होतं, कारण गप्प राहणं हा माझा स्वभाव नाही. मी घाटावरची, नाशिककडची. लग्न करून डोंबिवलीत आले आणि कितीतरी वर्षं खिडकीच्या गजांना कपडे वाळत घातले. इथे चाळिशीत स्कूटी शिकले. दारावर येणाऱ्या मासेवालीने मला सौंदाळे साफ करायला शिकवले आणि माझी पहिली आमसुलं सासूबाईंनी न बोलता संपवली, जे त्यांच्याकडचं मोठं प्रशस्तिपत्रक होतं. मला परत जायचं नव्हतं. पण हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि विचारलंही कोणी नव्हतं.

वणवा थांबवायचा तर पाऊस संपल्या संपल्या, गवत हिरवं असतानाच हद्दीने रुंद पट्टा साफ करायला हवा. करणार कोण? विळा-कोयती चालवणारे सगळे जयगडला बंदराच्या कामावर गेले होते. डोक्यावर पिवळं हेल्मेट आल्यावर आमच्या घाणेरीच्या काट्यांत कोण हात घालतो! त्याच बंदराचं काम आटोपून निघालेल्या एका ठेकेदाराकडे हा छोटा लोडर होता. बुटका, पिवळा, चाकांच्या जागी रबरी पट्टे. तो घरघरत वाडीत शिरला आणि गावाने त्याचं नाव रणगाडा ठेवलं. सासूबाईंनी त्याला कुंकू लावलं, पट्ट्यासमोर नारळ फोडला.

घोडं पुढे अडलं. रणगाड्याला पुढे माती भरायची बकेट होती. तिने गवत काढायला जावं तर गवताबरोबर मातीही खरवडून येई आणि खालचा जांभा टक्कल पडल्यासारखा दिसू लागे. वीतभर मातीत ही चैन कशी चालायची? मग दापोलीला कलमं आणायला गेलेले हे कुठून तरी ऐकून आले की, बकेटीच्या जागी दुसरं एक अवजार लावता येतं, त्याला मल्चर म्हणतात. आडवं पोलादी पिंप, अंगभर दात. ते गरगर फिरतं, गवत-झुडुपांचा जागच्या जागी भुगा करतं आणि मातीला धक्का लावत नाही. हा भुगा कलमांच्या आळ्यात घातला की ओल टिकते. कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याकडे परदेशातल्या जुन्या मालात आलेला असा मल्चर पडून होता. आमच्या गाडीला बसेल का विचारल्यावर तो फोनवर “बसतंय की, दादा!” इतक्या मायेने म्हणाला की हे विरघळलेच.

सासूबाई मात्र म्हणाल्या, कौल लावल्याशिवाय आणायचं नाही.

आमच्या नाशिककडे माणूस अडला की दोन शहाण्यांना विचारतो. इथे शहाणे घरटी एक, पण शेवटचा शब्द ग्रामदेवीचा. विहीर कुठे खणायची, स्थळ पत्करायचं का, हरवलेली गाय कुठल्या अंगाला गेली, सगळं तिला विचारायचं. गुरव तिच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात भिजवलेली एकेक कळी चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मल्चर हा शब्द गुरवाच्या जिभेवर बसेना. मग त्याने ‘ह्या लेकराने कोल्हापूरहून जे काय आणायचं मनात धरलंय’ असा वळसा घेतला आणि ते त्याच्या गाडीला बसणार असेल तर उजवी दे, असं मागणं केलं. आम्ही सगळे ‘होय महाराजा’ म्हणालो. उजवी कळी टपकन पडली. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू घाटावर देवच नसतात.

दसऱ्यानंतर मल्चर आला. बकेट काढून रणगाडा पुढे नेला, अवजार अडकवायची त्याची पाटी मल्चरच्या खाचेत घातली आणि खिट्ट्या खटकन बसल्या. सासूबाईंनी देवीच्या दिशेने हात जोडले. मग ह्यांनी तो उचलायला घेतला, तर मल्चर जमिनीवरच आणि रणगाड्याचं बूड वर. नाकापेक्षा मोती जड! मागे जांभ्याचे चिरे बांधून गाडी कशीबशी सरळ केली. नळ्या जोडल्या, चालू केलं. पिंप फिरलं, पण सासूबाईंचं जातं याहून जोरात फिरत असेल. गवत नुसतं विंचरून निघालं. घाणेरीपाशी गेल्यावर तर तो थांबलाच आणि घाणेरीची फुलं आमच्याकडे बघत डोलत राहिली.

मल्चरच्या पाठीला एक पत्रा होता. त्याच्यावरचा चिखल पुसल्यावर कारण कळलं. ही अवजारं लोडरने दाबून पाठवलेल्या तेलाच्या जोरावर फिरतात. ह्या दांडग्याला जेवढं तेल लागत होतं, त्याच्या निम्मंच आमचा रणगाडा पुरवत होता. पत्र्यावर सगळं स्वच्छ छापलेलं होतं. पण देवी हो म्हणाल्यावर पत्रा कशाला वाचायचा? कपाळ माझं! हे चिडून सासूबाईंना म्हणाले की, तुझ्या देवीने तोंडघशी पाडलं. सासूबाई सुपारी कातरत होत्या. त्यांनी अडकित्तासुद्धा खाली ठेवला नाही.

“मेल्या, तू बसेल का म्हणून विचारलंस. बसलं. चालेल का म्हणून विचारलंस?”

व्यापारी फोन उचलेना. गवत पिवळं पडायला लागलं. आणि मग एका सकाळी ह्यांनी डोंबिवलीच्या भाडेकरूला फोन करून सांगितलं की, बहुतेक मे महिन्यात आम्हाला जागा लागेल, तयारी ठेवा. वर मला समजावलं की आता तुझे हाल संपतील, नळाला पाणी, दारात रिक्षा. माझं डोकंच फिरलं. मी मोरीत भांडी आपटायला लागले. हे म्हणाले, भांडी जपून, न्यायची आहेत.

सासूबाईंनी पुन्हा कौल लावायचा ठरवला, आणि ह्या वेळी नीट विचारायचं म्हणून मलाच पुढे घातलं. मी गुरवाला सांगितलं, विचारा की दुसरा मल्चर मिळेल का, बसेल का, फिरेल का, घाणेरी कापेल का, गाडी उलटणार तर नाही ना. गुरव म्हातारा आणि फार सोशिक. तो हात पुसत म्हणाला, “वैनी, एका कळीला एकच प्रश्न.”

मग माझ्या तोंडून निघून गेलं, “मग एवढंच विचारा, आम्हाला इथे राहायला मिळेल का?”

गुरवाने ह्यांच्याकडे पाहिलं, गाऱ्हाणं घातलं. होय महाराजा मी म्हटलं, सासूबाईंनी म्हटलं, हे बोलले नाहीत. कळ्या जागच्या हलेनात. आम्ही उभे. समईची वात गुरवाने दोनदा सारखी केली. देवी ढिम्म. शेवटी सासूबाईच कंटाळल्या.

“अगो, हा प्रश्न देवीला कशाला? तो बघ खांबाला टेकून उभा आहे, त्याला विचार.”

हे बाहेर गेले. मी मागोमाग गेले तर पायरीवर चपला शोधत होते, म्हणजे दिसत असूनही शोधत होते.

“तुला राहायचंय इथे?” त्यांनी मान वर न करता विचारलं. “मला वाटलं, मी ओढून आणलं म्हणून सहन करत्येस.”

“सहन? मी कधी काय सहन केलंय?”

“ते मात्र खरं,” हे म्हणाले.

मला हसूही आलं आणि रडूही. वाईट ह्याचं वाटलं की हे परत जायला निघाले होते ते माझ्यासाठी, आणि मी मुकाट जाणार होते ती ह्यांच्यासाठी. दोघं मिळून मूर्ख! हे म्हणाले, मनात कितीही असलं तरी वणवा यायचा राहत नाही, ह्या वर्षी उरलेली कलमं वाचली तर राहू, नाहीतर पोट कशावर भरायचं? ते मलाही पटलं.

त्यानंतर काम देवीवर सोडलं नाही. मोबाइलला रेंज फक्त कातळावर मिळे. व्यापाऱ्याने अखेर फोन उचलला, तेव्हा तिथे रणगाड्याशेजारी उभं राहून ह्यांनी त्याला रणगाड्यावरचा पत्रा वाचून दाखवला, वजन किती पेलतो, तेल किती देतो, पाटी केवढी. व्यापाऱ्याने पुन्हा ‘बसतंय की’ सुरू केलं तेव्हा फोन मी घेतला. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण आठवड्याभरात दांडगा परत गेला आणि त्याच्या बदल्यात एक अरुंद, हलका मल्चर आला. त्याचीही खिट्टी बसली, पण ह्या वेळी कोणी हात जोडले नाहीत. चालू केल्यावर पिंपाचे दात दिसेनासे झाले, नुसती शीळ ऐकू आली. पहिली घाणेरी आत गेली आणि तिचा उग्र वास सगळ्या कातळावर पसरला. सासूबाई नाकाला पदर लावून हसत होत्या. हद्दीचा पट्टा अंगणासारखा मोकळा झाला. तिथला भुगा ओढून आम्ही कलमांना घातला.

फाल्गुनात वणवा आला, यायचा तसाच. आम्ही ओली पोती घेऊन पट्ट्यावर उभे राहिलो. धूर डोळ्यांत, आणि मी मनातल्या मनात देवीला बरंच काही सुनावत होते. जाळ पट्ट्यापर्यंत आला, खायला काही मिळेना, इकडे तिकडे पाहिल्यासारखा सरकला आणि बसला. उडून आलेल्या ठिणग्या आम्ही पोत्यांनी झोडपल्या. एकही कलम गेलं नाही.

हे रणगाड्याच्या पट्ट्यावर बसले, तोंड काळंठिक्कर. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. डोंबिवलीचा भाडेकरू. मुलांच्या शाळेचं बघायचं होतं, मे महिन्यात जागा नक्की सोडायची का, विचारत होता. ह्यांनी फोनवर तळवा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“काय सांगू?”

लोडर घेताना न विचारणारा माणूस! मी हातातलं पोतं खाली टाकलं.

“राहा म्हणावं. आम्हीही राहतोय.”